बुधवारच्या प्रार्थनेतला अडथळा

प्रिय दादा,

प्रभूमध्ये तुला आणि वहिनीला माझा सलाम. (तू पाळक झाल्यापासून मी तुला 'तुम्ही' म्हणावं असं वहिनीचं मत आहे. लिफाफ्यावर 'तुम्ही' लिहिलंय, आत मात्र तू तूच आहेस.) तुझा गुडघा कसा आहे? गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्याचे गुडघे दुखायचेच, पण उशी घ्यायची नाही हा मात्र निव्वळ हट्ट आहे, आणि तो श्रद्धेतून आलेला नाही, आपल्या आजोबांकडून आलाय. वहिनीचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. मी बरी आहे. म्हणजे पाठ सोडून बरी आहे. पाठीचं पुढे येईलच. तुझ्या चर्चच्या व्यासपीठाचंही शेवटी लिहिते, आधी मला दम घेऊ दे.

तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस की विश्वासात खडकासारखी उभी राहा, पण समोरच्या माणसाशी मायेने वाग. वाचायला फार छान वाटलं. खडकाने मायेने कसं वागायचं, तेवढं लिहायचं मात्र तू विसरलास. तुमचं काय जातं म्हणा! तुम्ही रविवारी बोलता आणि घरी जाऊन जेवता, आम्हाला सोमवारी दुकानात जावं लागतं.

आमच्या फर्निचरच्या दुकानाची रीत तुला ठाऊक आहेच. गिऱ्हाईकाचा फोन आला की एकच वाक्य सांगायचं, "पॉलिश वाळतंय." लाकूड अजून वखारीत असो, सुतार रजेवर असो, नाहीतर ऑर्डरच हरवलेली असो, पॉलिश वाळतंय. मालकांनी मला हे वाक्य पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे माझ्या तोंडून निघणार नाही. मी आपली खरं सांगते, की बाबा, तुमचं लाकूडच आलेलं नाही. त्यावर गिऱ्हाईक मला झापतं, मग मालक झापतात, आणि मग मी मागच्या मोरीत जाऊन तोंड धुऊन येते. गेल्या महिन्यात असंच खरं सांगितलं आणि जेवणाच्या टेबलाची एक ऑर्डर रद्द झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर माझ्या टेबलाशेजारी दुसरं टेबल, आणि त्यावर हसतमुख गोडबोल्या! मालक म्हणाले, महिनाभर दोघं बसा, येत्या महिनाअखेरच्या शनिवारी दोघांतली एकच खुर्ची ठेवीन. दादा, खुर्ची गेली तर माझी खोली गेली, आणि खोली गेली तर मी तुझ्या दारात. मी आणि वहिनी एका स्वयंपाकघरात! तुझ्या गुडघ्याला तेवढी प्रार्थना झेपायची नाही.

गोडबोल्या हे नाव मीच ठेवलंय (मनातल्या मनात, तोंडावर मी त्याला भाऊ म्हणते, उगाच कडूपणा नको). वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं मधात बुडवलेलं. देव मानतोस का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर म्हणाला, "ओळख नाही." (ओळख नाही! जसं काही वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल विचारलं होतं.) तेव्हापासून मी त्याच्यावर डोळा ठेवून आहे, आणि काय काय दिसलं ते ऐक. माझ्या टेबलावरचा फोन वाजला की हा हात लांब करून तो उचलतो आणि गोड आवाजात पॉलिश वाळवत बसतो. दुसऱ्याचा फोन उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, नाही का? चहा आला की आधी माझ्यापुढे ठेवतो. का? माझ्या खुर्चीचा एक पाय कित्येक वर्षं लुळा होता, तो याने एके दिवशी खाली वाकून नीट बसवून दिला. मी वरवर आभार मानले, पण मला काय कळत नाही? ज्याला उद्या त्या खुर्चीत बसायचंय तोच आज तिचे पाय बघतो. आणि सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे रोज जेवणाच्या सुट्टीत हा स्वतःच्या आईला फोन करून सांगतो की आई, नोकरी पक्की झाली, तू काळजी करू नकोस. पक्की झाली! निकाल अजून शनिवारी लागायचाय. जो जन्मदात्या आईशी खोटं बोलतो तो माझ्याशी काय खरं बोलणार?

तरी मायेत मी काही कमी केलं नाही हो. वैऱ्याला जेवू घालावं असं शास्त्रच सांगतं, म्हणून मी रोज डब्यात दोन उकडलेली अंडी जास्तीची नेते आणि त्याला देते. तो खातो तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते, कारण खाताना माणसाचा खरा चेहरा दिसतो असं आपली आई म्हणायची. (याचा चेहरा अंडं खाताना अंडं खाणाऱ्यासारखाच दिसतो. एवढा मुरलेला आहे.) प्रेम करावं, दादा, पण पर्स काखेत धरून करावं. आणि तू माझ्या विनंतीवरून बुधवारच्या प्रार्थनासभेत 'माझ्या बहिणीच्या मार्गातला अडथळा दूर होवो' हा विषय तीन आठवडे घेतलास, त्याबद्दल सगळ्या मंडळीचे आभार. ('अडथळा' हा शब्द मुद्दाम कळवला होता. नाव घेऊन कुणाची बदनामी करणं आपल्याला शोभत नाही.)

तर आता गुरुवारचं. सकाळी मालक त्याच्या कानाशी लागून म्हणाले की दुपारी बाई जेवायला उठल्या की खुर्चीचं बोलून घेऊ. मी काही बहिरी नाही. दुपार झाल्यावर मी मोठ्याने सांगितलं की मी जरा बाहेर जाऊन येते. पुढच्या दाराने बाहेर गेले आणि मागच्या दाराने आत आले. बाहेर गेले, आले. यात खोटं कुठे आहे ते दाखव. (दाखवू नकोस.) शोरूमच्या मधोमध दातांच्या डॉक्टरीणबाईंचं नवं कपाट उभं होतं. बाईंना नेटकेपणाचं भारी वेड, म्हणून आतूनसुद्धा पॉलिश मारून घेतलेलं. सकाळीच मालक म्हणाले होते की ते खडखडीत वाळलंय. आणि दादा, बारा महिने तेरा काळ ज्या वाक्यावर मी विश्वास ठेवला नाही, त्या वाक्यावर मी नेमका त्या दिवशी विश्वास ठेवला. आत शिरले, दार ओढून घेतलं आणि पाठ टेकली.

पाठ टेकली ती टेकलीच. वहिनीने विणलेला पिवळा स्वेटर अंगात होता. त्यातली लोकर पॉलिशला अशी धरून बसली की मला पुढेही सरकता येईना. (लोकर उत्तम प्रतीची आहे, एवढं वहिनीला जरूर सांग.) तेवढ्यात दोघं बोलत कपाटासमोरच आले. मालक म्हणाले की पुढच्या आठवड्यात शनिवारी बाईंना रजा देतो, तू त्यांच्या खुर्चीत बस. मी डोळे मिटले. म्हटलं, आता हा मधाची बरणी उघडणार. तर हा म्हणतो, "नको." म्हणतो, मी पॉलिश वाळतंय म्हटलं की गिऱ्हाईक हसतं, पण बाईंनी पुढच्या महिन्यात म्हटलं की ते पुढच्या महिन्यात गाडी घेऊनच येतं. बाईंना काढलंत तर या दुकानात खरं कोण सांगणार? मालकांनी विचारलं, मग त्यांचे फोन तू का उचलतोस? तर म्हणाला, लोक त्यांना काहीबाही बोलतात आणि त्या मोरीतून लाल डोळे घेऊन येतात, ते बघवत नाही. मला बोलणी खायची सवय आहे, त्यांना नाही.

दादा, त्या कपाटात अंधार होता म्हणून बरं. मला रडू आलं. आणि रडताना पाठ हलवता येत नाही हे फार वाईट असतं.

एवढ्यात खुद्द डॉक्टरीणबाईच हमाल घेऊन हजर! मालकांनीच कपाट तयार आहे म्हणून बोलावलं होतं. बाईंनी सवयीप्रमाणे हुकूम सोडला, "उघडा." आणि गोडबोल्या कपाटाला आडवा झाला. म्हणाला, उघडता येणार नाही, पॉलिश ओलं आहे. मालक म्हणाले वाळलंय. हा म्हणाला ओलं आहे. मालक पुन्हा वाळलंय, हा पुन्हा ओलं! हमाल बिचारे एकदा याच्याकडे बघतायत, एकदा त्याच्याकडे. शेवटी मालकांचा आवाज चढला. म्हणाले, माझ्या गिऱ्हाइकासमोर मला खोटं पाडतोस? शनिवारची वाट कशाला, आत्ताच सामान उचल आणि चालू लाग.

बघ, तुमची प्रार्थना ऐकली गेली. अडथळा माझ्या डोळ्यांदेखत (म्हणजे फटीतून) दूर होत होता. मी फक्त गप्प राहायचं होतं. खुर्ची माझी, खोली माझी, आणि माझ्या जिभेवर खोट्याचा एक शब्दही नाही. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, हे मी स्वतःला तिथल्या तिथे समजावूनही पाहिलं. पण तो संध्याकाळी आईला फोनवर काय सांगणार, हेच डोक्यातून जाईना. पुन्हा सांगेल, नोकरी पक्की आहे, आई. मग मी सगळा जीव एकवटून अंग पुढे ओढलं, टर्रकन आवाज झाला, आणि मी दार ढकलून सगळ्यांसमोर बाहेर आले. अर्धा स्वेटर आतच राहिला. मी मालकांकडे पाठ केली आणि म्हटलं, "ओलं आहे. हे बघा."

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या बाई कपाटात काय करत होत्या? गोडबोल्या लगेच म्हणाला, की बाई आतून तपासणी करत होत्या, आमच्याकडे तशी पद्धत आहे. (त्या परिस्थितीतही! कौतुक करावं की कान उपटावा?) मी म्हटलं, नाही. मी चोरून ऐकत होते. हा माणूस माझी खुर्ची घेईल असा मला संशय होता. डॉक्टरीणबाई एवढ्या हसल्या की टेकायला म्हणून त्यांनी कपाटाला हात लावला आणि त्यांचाही हात चिकटला. म्हणाल्या, मला बघून लपणारे रोज भेटतात, पण माझ्याच कपाटात लपलेलं कुणी पहिल्यांदाच भेटलं. पुरावा अंगावर घेऊन खरं सांगणारं दुकान मी सोडणार नाही, पॉलिश पुन्हा मारा, मी थांबते. गिऱ्हाईक टिकल्यावर मालकांचा राग जरा उतरला. 'चालू लाग' मागे घेतलं, पण शनिवार काही मागे घेतला नाही. एकच खुर्ची म्हणजे एकच खुर्ची, म्हणाले.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. गुडघ्याखाली उशी घे.

तुझी,
खडकासारखी (आणि सध्या पाठीवर पॉलिश असलेली) बहीण

ता.क. वहिनीने स्वेटरचं विचारलं तर खरंच सांग, पण हळूहळू सांग. आधी बाहीपासून सुरुवात कर. बाही शाबूत आहे.

ता.क. दुसरा. व्यासपीठ. परवा तू फोन केलास तेव्हा गोडबोल्याने तुला पॉलिश वाळतंय असं सांगितलं. मी शेजारीच बसले होते आणि तुला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले. खरं असं आहे की तुझं लाकूड अजून वखारीतच आहे. पुढच्या महिन्याच्या आत काही धरू नकोस. तोवर व्यासपीठाशिवाय बोल. टेकायला काही नसलं की तुझं प्रवचन आटोपशीर होईल, आणि मंडळीही आशीर्वाद देईल.

ता.क. तिसरा. हे खरं तर पहिलंच लिहायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं कपाटातली लोकर खरवडत बसलो होतो. मी आत आहे हे तुला कसं कळलं, असं विचारलं, तर म्हणाला की बाही दाराच्या फटीतून बाहेर आली होती, आणि असा पिवळा रंग दुसरं कोण घालतंय? मग मला राहवेना. मी सांगून टाकलं की माझा भाऊ पाळक आहे, आणि तू इथून जावास म्हणून त्याची अख्खी मंडळी तीन आठवडे प्रार्थना करतेय. तो खरवडायचा थांबला. मला वाटलं, आता चिडेल. तर त्याने विचारलं, "माझं नाव घेऊन?" मी म्हटलं, नाही रे, 'अडथळा' म्हणून. तो हसला, पुन्हा खरवडायला लागला आणि म्हणाला की माझ्यासाठी एवढी माणसं एकत्र बसल्याचं कधी ऐकलं नव्हतं. हे तो खरं बोलला की गोड बोलला, ते मला कळलं नाही. पण मी पुन्हा मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

तेव्हा दादा, ती प्रार्थना ताबडतोब थांबव. तुमची प्रार्थना फार लवकर ऐकली जाते, याचा मला आता अनुभव आहे. शनिवारच्या आधी एक बुधवार येतो. त्या बुधवारी विषय बदल, की अडथळा आहे तिथेच राहू दे. माझ्या खुर्चीसाठी काही मागू नकोस, मागितलंस तर तो जाईल. मी मालकांना सांगितलंय की खुर्ची एकच ठेवायची तर ठेवा, मी उभी राहून फोन घेईन. (मालक अजून काही बोललेले नाहीत. वहिनीला स्वयंपाकघरात एक फळी माझ्यासाठी रिकामी ठेवायला सांग, असू दे.)

आणि या वेळी त्याचं नाव घ्या. नाव सोबतच्या चिठ्ठीवर आहे. मी लिहिते म्हटलं तर म्हणाला, नको, मीच लिहितो, आणि घासूनपुसून टेबल स्वच्छ करून लिहायला बसला. अक्षर बघ किती सुबक काढलंय. ओळख नाही म्हणणाऱ्या माणसाने एवढं सुबक का काढावं, हे मला अजून कळलेलं नाही. डोळा ठेवून आहे.