एकमेकांना खाणारी दोन मतं

२ ऑक्टोबर, सोमवार

आज अकरा दारं. चार ‘हो’, तीन ‘नाही’, दोन कुत्री. दोघांनी पडदा सरकवून पाहिलं आणि दार उघडलंच नाही.

मर्लाने नवा पाठ दिलाय. ती वाचनालय सांभाळते, आमच्या प्रचाराची मुकादमही तीच. "बस म्हणू नकोस. बस म्हटलं की लोकांना वाटतं, आता गावाचं शहर होणार. ‘म्हाताऱ्यांची गाडी’ म्हण. आणि नवा कर नाही, जुनाच पुढे चालू, हे आधी सांग." तसंच सांगितलं. लोकांना ‘जुनाच’ ऐकू येत नाही, ‘कर’ तेवढं बरोबर ऐकू येतं. घरटी वर्षाला सदतीस डॉलर — कुत्र्याच्या खाण्यावर याहून जास्त जातात!

गाडी म्हणजे बारा जणांची पांढरी व्हॅन. ऑरिन तिच्यातून सोम-बुध-शुक्र डायलिसिसला जातो, बत्तीस मैल. मला फिट आली तेव्हापासून माझं लायसन्स गेलं. सात नोव्हेंबरला गावाने मतदानात हा कर नामंजूर केला की व्हॅन बंद. मग माझ्या भावाला कोण नेणार? एवढाच माझा प्रश्न. बाकीची भाषणं मर्लाची.

९ ऑक्टोबर, सोमवार

ऑरिनला विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तरी विचारलं.

"कराला जन्मात ‘हो’ म्हटलेलं नाही. आता मूत्रपिंडं गेली म्हणून म्हणू?"

तोंडात बर्फाचा खडा होता. पाणी मोजून प्यायचं, म्हणून खडा चघळतो. आयुष्यभर हे असंच — शाळेचा कर असो, अग्निशामक बंबाचा असो, त्याचं ‘नाही’, माझं ‘हो’. आमची मतं पन्नास वर्षं एकमेकांना खात आलीत. पण या वेळी तो स्वतःलाच खायला निघालाय. राग येतो. रडूही येतं.

१० ऑक्टोबर

व्हॅन चालवणाऱ्या लिओनाला कुणीतरी विचारलं, कुठल्या बाजूने मत द्यावं? म्हणाली, "कामावर असताना मला फक्त वेळापत्रक सांगता येतं." नियम आहे तसा. तिचं पोट त्या व्हॅनवर, आणि तोंडाला कुलूप.

१५ ऑक्टोबर, रविवार

वाईट दिवस.

चर्चच्या तळघरात सूपचं जेवण होतं. शेजारचा डेल हफमन मोठ्याने म्हणाला, "एका माणसाला दवाखान्यात न्यायचं, आणि वर्गणी सगळ्या गावाने काढायची? बहीण दारोदार फिरतेय ती काय उगाच?" ऑरिन त्याच्या पाठीमागेच उभा होता, हातात वाडगा. वाडगा टेबलावर ठेवला आणि निघाला. कोटसुद्धा घेतला नाही.

घरी आल्यावर बर्फाचा खडा तोंडात टाकला. मग म्हणाला, "दोघांनीही मत द्यायचं नाही. माझ्या गाडीसाठी या घरातून मत पडलं, असं कुणी म्हणायला नको."

"आणि तुझं ‘नाही’?"

"तेही नाही. वजा जाता शून्यच उरतं ना, पोरी? शब्द दे."

मी मनात हिशेब केला. माझं एक ‘हो’ जातं, त्याचं एक ‘नाही’ जातं. नुकसान काहीच नाही. शिवाय त्याचा चेहरा बघवत नव्हता. दिला शब्द.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

परतताना व्हॅनमध्ये ऑरिनच्या पायात गोळे आले. लिओनाने गाडी बाजूला घेऊन पाय चोळून दिले. हे कुठल्या वेळापत्रकात बसतं?

७ नोव्हेंबर, मतदान

सकाळपासून मतदान केंद्राबाहेर पाटी घेऊन उभी. आत प्रचार चालत नाही म्हणून हद्दीच्या झेंड्यांच्या अलीकडे. दार समोर दिसत होतं. ओळखीचे लोक जात होते, येत होते. डेलसुद्धा, टोपी काढून.

मर्ला कॉफी घेऊन आली. "तुझं झालं ना?"

"सकाळीच."

सत्तर वर्षं ओलांडल्यावर इतकं सहज खोटं बोलता येतं हे माहीत नव्हतं. दार बंद होईपर्यंत उभी राहिले. शब्द म्हणजे शब्द.

८ नोव्हेंबर

तीन मतांनी मागे. काही टपालाची मतं मोजायची राहिलीत. मर्ला म्हणते जीव मुठीत धरून बस. बसलेय.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

हो — १२१४. नाही — १२१४.

फेरमोजणीतही तेच. आमच्याकडे बरोबरी म्हणजे पराभव. व्हॅन एकतीस डिसेंबरपर्यंत.

डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, डायलिसिस थांबलं तर दहा दिवस, फार तर दोन आठवडे. दवाखान्याजवळच्या वृद्धाश्रमात जागा आहे. ऑरिन नाही म्हणतो, आणि त्याच्या ‘नाही’पुढे कुणाचं काही चालत नाही.

अंथरुणात पडून तोच हिशेब करतेय. एक मत हवं होतं. माझं! पण मी दिलं असतं तर त्यानेही दिलं असतं, आणि पुन्हा बरोबरीच. काही बदललं नसतं. हे मी दहादा लिहून काढलं, दहाही वेळा तेच आलं. त्यावरच झोप लागेल.

२२ नोव्हेंबर

मर्लाचा फोन. मत कुणी दिलं याची यादी आली — ‘हो’ की ‘नाही’ हे नसतं, फक्त नावं. "व्हर्ना, तुझं नाव सापडत नाही गं. ऑरिनचं आहे, टपालाने."

तो डायलिसिसहून आल्यावर विचारलं.

"दिलं. ‘हो’वर खूण केली."

"मग माझा शब्द कशाला घेतलास?"

"लाज वाटली. म्हटलं, तू शब्द मोडशीलच. जन्मात कधी माझं ऐकलंयस?" मग माझ्याकडे बघत राहिला. "तू दिलं नाहीस?"

आत झोपलाय. मर्लाला काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.