चाळीस ठोक्यांची बढती

ती. मामांना वाकून नमस्कार (कंबर धरली आहे म्हणून अर्धाच, उरलेला मनानं घातला आहे). तुमचा दवाखाना, मामींचा गुडघा आणि दोघांचा रक्तदाब ठीक असेल अशी आशा. इकडे सगळे खुशाल. मुख्य बातमी अशी की तुमचा भाचा तक्रार विभागाचा प्रमुख होतो आहे.

हसू नका. आमची कंपनी लिफ्ट बनवते (आमच्याच इमारतीतली तीन महिने बंद आहे, रोज पाच मजले जिन्यानं). लिफ्टमध्ये अडकलेली माणसं फोनवर आमच्यावर ओरडतात आणि आम्ही त्यांच्यावर. साहेबांनी यावर तोडगा काढला, की लिफ्ट दुरुस्त करण्यापेक्षा आम्हालाच दुरुस्त करायचं. म्हणून श्वास रोखण्याचं प्रशिक्षण! रोज सकाळी तलावावर जायचं, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधायचं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर नावापुढे प्रत्येकाचा आकडा. पाण्यात तोंड घालून पालथं तरंगायचं आणि आपलेच ठोके आतल्या आत ऐकायचे. शिकवणाऱ्या बाई (प्रेमळ आहेत, एकालाही नजरेआड करत नाहीत) सांगतात, श्वास घ्यावासा वाटला की घाबरू नका; घाबरलं की ठोके वाढतात, ठोके वाढले की दम लवकर संपतो. आधी जबडा सैल सोडा, मग खांदे, मग पोट. आमच्या टंकलेखकानं या भरात दमही सोडला आणि बुडबुड्यांसकट वर आला.

खरी परीक्षा झाली ती साहेब काठावर येऊन उभे राहिले तेव्हा. आकडे सरसर चढले. साहेबांच्या पुढेपुढे करणारा माझा शेजारी तर एकशे एकेचाळीसवर गेला (बाईंनी त्याला ताबडतोब बाहेर बसवलं). माझा आकडा चाळीस. साहेब बढतीबद्दल बोलले, चाळीस. नोकरकपातीबद्दल बोलले, तरी चाळीस. साहेब गहिवरले. म्हणाले, असा स्थितप्रज्ञ माणूस आपल्याकडे सतरा वर्षं धूळ खात पडला होता! तुमच्या सूनबाईनं हे ऐकलं आणि ती दोन दिवस हसत होती (एक मोजा सापडला नाही म्हणून मी घर डोक्यावर घेतो, हे तिनं पाहिलेलं आहे). हसेना का! परवा मी नव्या लोकांपुढे 'मनावर ताबा' या विषयावर पाऊण तास बोललो. बाई तेवढ्या माझ्या आकड्याकडेच पाहत होत्या. नंतर त्यांनी मला दोनदा पायऱ्या चढायला लावल्या, आकडा पाहिला आणि पाण्यात उतरायची बंदी केली. पोटदुखी, दुसरं काय.

मामींना नमस्कार. लेकरं आठवण काढतात.

तुमचा भाचा

ता. क. बाईंनी हट्टानं ईसीजी काढायला लावला. तिथले डॉक्टर म्हणतात, हा ताबाबिबा काही नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचतच नाही. यंत्र बसवावं लागेल आणि मग ठोके सत्तर होतील. नेमणुकीचं पत्र एक तारखेला निघतं, आणि त्याआधी साहेब सगळ्यांसमोर माझा आकडा दाखवणार आहेत. तोवर यंत्र लांबणीवर टाकता येईल का? नाहीतर ते चाळिसावरच लावून मिळतं का? तुमच्या ओळखीनं पाहा.

आणखी एक, हे घरी सांगितलेलं नाही. काल चौथ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवरच बसलो. फार घाबरलो, मामा. घड्याळात पाहिलं, तर चाळीसच. वर लिहिलेलं सगळं सोडा. पत्राचं उत्तर लिहीत बसू नका, तुम्ही निघूनच या.