छाती मी, तंगडी चंचल

आलापल्ली

ती. रंभाताईस,
धाकट्या प्रणितचा पाया पडून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

ताई, वनरक्षक भरतीत मी पडलो. (खरोखरच पडलो, रस्त्याच्या कडेला.) कबड्डीत तुझा भाऊ हात लावून परतायचा तरी समोरच्याला पत्ता नसायचा, तेव्हा लांब चालायची परीक्षा म्हणजे खेळच वाटला. सुटलो तो सगळ्यांच्या पुढे. बघणाऱ्यांना हातसुद्धा केला. पहिलं गाव मागे पडलं आणि मांड्यांत असे गोळे आले की सागाला धरून बसलो. एकेक जण शेजारून निघून गेला. शेवटी पाण्याच्या कॅनांच्या गाडीत कॅन होऊन परत आलो. वय संपलं, आता पुन्हा बसता येणार नाही.

सराव घेणारे सर म्हणाले, "गावरान कोंबडी पाह्यली ना? छातीचं मास पांढरं, तंगडीचं लाल. छातीच्या जोरावर भुर्रकन छपरावर जाते, बस तेवढंच. दिवसभर उकरते ते तंगडीवर. मानसाच्या मासातबी असे दोनी धागे असतेत, कोनात हे जास्त, कोनात ते. पांढरे झटक्यात जोर लावतेत अन् लवकर थकतेत. लाल सावकाश चालतेत, पन त्याईले रक्त-हवा भरपूर भेटते, म्हनून थकत नाईत."

"मंग सरावानं होत नाई का, सर?"

"दम वाढते ना! पन तू रोज धावतच सुटला. चालला कधी?"

(म्हणजे मी छाती.) आणि तंगडी तुझी भावजय. चंचलनं (नाव चंचल, चाल बैलाची) माझ्या सोबतीला म्हणून फॉर्म भरला होता. लहानपणापासून मोहफुलं, तेंदूपानं वेचत रान तुडवलेली. बायकांच्या परीक्षेत मागून निघाली, पुढच्या बसल्या तेव्हा त्यांच्या बाजूनं गेली, आणि घरी येऊन विचारते, "चहा मांडू का?" तिची निवड झाली. नेमणूक भामरागडकडे, पावसाळ्यात रस्ता बंद. लोकांनी पेढे खाऊन माझं अभिनंदन केलं. मीही घेतलं.

आता बाबा म्हणतात, "सून जंगलात एकटी काऊन राहीन?" चंचल कपडे पिशवीत भरते, पुन्हा काढते. रुजू व्हायची मुदत जवळ आली.

तुझा,
प्रणित

ता. क. बाबा फक्त तुझं ऐकतात. धानाची रोवणी सोडून ये.

पुन्हा ता. क. ताई, बाबांचं नाव उगाच घेतलं. त्यांनी तर सुनेसाठी बूट आणून ठेवले आहेत. एकटी काऊन राहशीन, असं रोज मीच विचारून राह्यलो. तू ये, अन् मले समजाव.