घरच्यांच्या खोलीत

शुक्र. ९ जाने.
सापडलं. आणि कुठं, तर लॅबच्या भिंतीवर. लिव्हरचा रिपोर्ट घ्यायला बसले होते, समोर चिकटवलेला कागद: ज्यांना दारू सोडायची आहे त्यांची मीटिंग, दर रविवारी अकरा वाजता, क्रांती चौकाजवळच्या शाळेत, फी नाही. त्याच चौकातून मी स्कूटी घेऊन जाते, तोंडाला स्कार्फ बांधून, गावाच्या दुसऱ्या टोकाला बाटली आणायला. दुकानदाराला सांगायचं, केकमध्ये घालायची आहे. मला केक येत नाही.

तिथूनच फोन लावला. पलीकडचे काका म्हणाले, "मागच्या गेटनं या. बाहेर चपला दिसतील." कोण, कशासाठी, काही विचारलं नाही. लॅबमध्येच नाचावंसं वाटलं.

शिवणक्लासमध्ये आज पुन्हा सुईत दोरा दुसरीनं ओवून दिला. नजर चांगली आहे माझी, हात थरथरतात. ह्यांना अजून काही बोलले नाही. न घेता दिवस १.

रवि. ११ जाने.
गेले. खरंच गेले. आणि घोळ घातला.

दारातच एक गृहस्थ हात जोडून, "ताई, घरच्यांची मीटिंग बाजूला." मी "बरं" म्हणून सरळ तिकडं. बाई दिसली की ती पिणाऱ्याची बायकोच असणार, त्यांचं तरी काय चुकलं. दुसरीचा वर्ग, बुटके बाक, सात बायका. नसीम आपा म्हणून एक आहेत, त्यांनी पाणी दिलं. "किती वर्षं झाली, बहेन?" म्हटलं, नऊ. "लपवून पितात?" म्हटलं, हो, गव्हाच्या कोठीत ठेवतात. मग थांबताच येईना. वास येऊ नये म्हणून बडीशेप, पाहुणे आले की जीव वरखाली, भाचीच्या लग्नात मांडवामागं झालेलं ते... सगळं सांगितलं. माझंच, फक्त नवऱ्याच्या नावावर. ज्यांना दुपारचा चहासुद्धा सोसत नाही, त्यांच्या. बायका रडल्या, मीपण.

येताना स्कूटीवर गाणं म्हणत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. खोटं, पण सांगितलं. दिवस ३.

सोम. १२
आनंद जरा उतरला. हे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून जेवायला आले, खाली मान घालून जेवले, गेले. ह्या माणसाला मी काल सात बायकांपुढं बेवडा ठरवलं.

रविवारी दुसऱ्या दारातून जायला हवं. पण त्या बायका बघतील. मग जाऊच नये? चार वाजता कोठीपाशी दोनदा जाऊन आले. झाकण उघडलं नाही. दिवस ४, कसाबसा.

मंगळ. १३
संक्रांतीच्या वाणाला डबे हवेत म्हणून दोघं शहागंजात. समोर नसीम आपा. मला सलाम केला आणि थेट ह्यांच्याकडं वळल्या. "भाईसाब, तुम्ही भी या ना रविवारी. शरमायचं नाय. आमचे मियाँ भी असेच होते, आज अकरा महिने झाले, हात नाय लावला."

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे आधी त्यांच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. म्हणाले, "येतो की, आपा."

डबे राहिले. गाडीपाशी आल्यावर सगळं सांगून टाकलं, उभ्यानं, हॉर्नच्या गोंगाटात. वाटलं, आता भडकतील. हे किल्लीनं डिकी उघडून रिकामी पिशवी आत टाकायला लागले. मग म्हणाले, "कोठीतली म्हाईत हाय मला. लई दिवसांपासून."

डिकी लावली. मग, "तू बसलीस ना तिथं, ती जागा माझी हाय."

हसले. मीही, रडत रडत, भर बाजारात. ह्या माणसाचा मला काय अभिमान वाटला आज. दिवस ५.

रवि. १८
पावणेअकरालाच पोचलो, इतकी घाई मला. चपला काढल्या. हे बाजूच्या वर्गात, मी पिणाऱ्यांच्या.

अकरा पुरुष, बाई मी एकटी. एकानं खुर्ची सरकवली, बाकीच्यांनी मुद्दाम वर पाहिलं नाही. माझा बोलायचा नंबर आला. "मी सुनंदा. मी पिते. नवरा पीत नाही." फोनवरचे काका म्हणाले, "बसा, पुष्कळ झालं." खाली बसले आणि इतकं मोकळं वाटलं की हसू आवरेना.

आमची मीटिंग सुटली तरी बाजूचं दार बंद. आतून ह्यांचा आवाज. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. बोलत होते, अडत होते, परत बोलत होते. शब्द कळत नव्हते, मी दाराजवळ गेले नाही. नऊ वर्षं मला वाटायचं, हे दुखणं माझं एकटीचं.

शेवटी दार उघडलं. नसीम आपा माझा हात दाबून गेल्या. मागून हे, डोळे लाल.

मी विचारलं, काय सांगितलं एवढं? तर म्हणाले, "तिथलं तिथंच ऱ्हाऊ दे सध्या."

आता जेवणं झालीत, हे बाहेर ओट्यावर बसलेत. पुढच्या रविवारी जायचं ना, विचारलं मी.

"जायचं की. माझं अजून लई राह्यलंय."

दिवस १०.