मागे सरून बघण्याची खोड

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातला, तू पूर्ण घातला असं समज.) तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. माझ्या भुवया पुन्हा उगवू लागल्या आहेत.

पन्नाशी उलटल्यावर कुंचले गुंडाळून मी काचेचा स्टुडिओ काढला, तेव्हा तू एकटीच हसली नाहीस, म्हणून खरं काय ते तुलाच सांगतो. काच फुंकायला छातीत दम लागतो असा माझा समज होता. फुंकर एवढीशी पुरते. लागतो तो न थांबणारा हात. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेली काच मधासारखी लोंबत असते, आणि नळी सतत फिरवली नाही तर ती सरळ जमिनीची वाट धरते. आता जन्मभर चित्रं काढलेल्या माणसाची खोड तुला माहीत आहे: काम जरा रंगात आलं की मागे सरायचं, एक डोळा मिटायचा आणि मान तिरकी करून बघत राहायचं. चित्र बिचारं थांबतं. काच थांबत नाही. मी डोळा उघडेपर्यंत फुलदाणीचं ताट झालेलं असतं, नाहीतर ती माझ्या बुटावर असते. (बूट नवे घेतले.)

मग नळी फिरवायला बायकोला बसवलं. तिने मनापासून फिरवली, पण तिला बोलताना दोन्ही हात लागतात, आणि माझं काम बघून गप्प बसणं तिला जमत नाही. शेवटी तिने शांतपणे निकाल दिला, "उद्घाटनाला पाहुण्यांसमोर एक तरी फुलदाणी नीट उभी राहिली नाही, तर भट्टी विझवायची आणि पुन्हा शिकवण्या सुरू करायच्या." तिचं चुकत नाही. पण ताई, मला भट्टी विझवायची नाही. इतका आनंद मला चित्रांनी कित्येक वर्षांत दिला नव्हता.

उद्घाटन येत्या रविवारी आहे. तुझे गुडघे बघता तू येण्याची दगदग मुळीच करू नकोस. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. सोबत एक फुलदाणी पाठवली आहे. भिंतीला टेकवून ठेव. पाणी घालू नकोस.

आणखी एक ता. क. आई सांगायची, तू एका हाताने माझा पाळणा हलवायचीस आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायचीस. वाचनात कितीही बुडालीस तरी पाळणा कधी थांबला नाही. शनिवारीच ये. नळी बसूनच फिरवायची असते, गुडघ्यांचं त्यात काही काम नाही. पुस्तक खुशाल आण, फक्त भट्टीपासून लांब धर.