खिडकीवरच्या छपरातले तात्या

सुप्रिया,

ड्यूटीवरून आल्यावर पाळणा रिकामा बघून घाबरू नकोस. इराला मी संगं कळसला नेलंय, पद्माआत्याकडं. तिच्या गोठ्यावरचा जुना पत्रा घेऊन दिवस मावळायच्या आत येतो. दुधाची बाटली घेतलीय.

पाळण्यावर ऊन येतं म्हणून मी खिडकीवर बांबूचं छप्पर केलं. वर टाकायला चौकातला उतरवलेला फ्लेक्स आणला, सणसरच्या कुणा जोतीरामतात्यांच्या श्रद्धांजलीचा. लोक हसतील म्हणून छापलेली बाजू खाली केली, तिथंच चुकलं. तात्या हात जोडून थेट पाळण्यात बघायला लागले. इरा त्यांच्याकडं बघून खिदळायची. तूच म्हणालीस, "आबा, पोरीला बरी सोबत आणलीत!"

आज तू गेल्यावर बघितलं, तर तात्यांचे हात जोडलेले नव्हते. लेकरू उचलून घ्यायला पुढं करतात तसे खाली आले होते.

मी तरणा असताना मगरीवर बसून उजनी धरण वलांडल्याचं तुला पटलं न्हाय, हेबी पटायचं न्हाय. खुशाल हस. पण पोरीला शेजारी बनाबाईच्या मांडीवर देऊन मी फ्लेक्स सोडायला शिडी लावली, तवा त्यावर फोटोभोवतीचा नुसता छापील झेंडूचा हार राहिला होता. तात्या नव्हते.

मी येईपर्यंत बनाबाईकडंच बस. घरातनं पाळण्याच्या कड्या कुरकुरल्यासारख्या वाटतील. मी निघालो तवाबी कुरकुरत होत्या, आणि वारा अजिबात न्हाय. रिकामा पाळणा हलू देऊ नये म्हणतात, म्हणून तू थांबवायला धावशील.

धावू नकोस. तो रिकामा न्हाय.

आबा