एसा पेलचा कोट

४ मे, सोमवार

आज ऐतिहासिक पार्कात रुजू झालो. अठ्ठावीस वर्षं न्यू जर्सीच्या पोरांना इतिहास शिकवला, आता एकसष्टाव्या वर्षी तोच अंगावर चढवून फिरायचं! टेकडीच्या कुशीत लाकडी खोपटांची रांग, समोर कवायतीचं मैदान, कडेला फुललेली सफरचंदाची झाडं. स्वातंत्र्ययुद्धातल्या एका हिवाळ्यात पलटण इथे छावणी टाकून कुडकुडत होती. पार्कच्या प्रमुख मार्लीन वोरहीसबाईंनी डोनट आणून ठेवले होते. मला बघून म्हणाल्या, की रेनविकने सांगितलं त्यापेक्षा तुम्ही बरेच हाडकुळे आहात, उपाशी शिपाई म्हणून छान शोभाल.

रेनविक माझ्या शाळेत भूगोल शिकवायचा. तीनेक आठवडे तो इथे होता. गुडघे गेले म्हणून सोडलं आणि माझं नाव सुचवलं. भला माणूस.

९ मे, शनिवार

माझी भूमिका एसा पेलची. थंडीला कंटाळून पळाला, सापडला, शंभर फटके ठोठावले. सोबत्यांनीच दोन रांगा करायच्या आणि याने उघड्या पाठीने मधून चालायचं. एका दमात शंभर मारले तर माणूस बधिर होतो, म्हणून पंचवीस मारायचे, वैद्याकडून पाठ बरी करून घ्यायची, मग पुढचे. चौथ्या खेपेआधी पेल मेला. ‘शिक्षा पुरी झालेली नाही’ असा सेनाधिकाऱ्याचा शेरा मैदानातल्या फलकावरच आहे.

आम्ही दर शनिवारी अकराला हे करून दाखवतो. मी पेलचा तपकिरी कोट घालून चालतो. पाहुण्यांना लव्हाळ्याच्या काड्या देतात, लागताच वाकणाऱ्या. एक आजीबाई मारण्याआधी माझी माफी मागत होत्या. सगळे हसले. सार्जंट झालेला डेल एरवी नळ दुरुस्त करतो, पण आरोळी अशी ठोकतो की कबुतरं उडाली.

संध्याकाळी आंघोळ करताना पाठ चुरचुरली. आरशात चार लाल वळ दिसले. कोटाचं कापड खरखरीत आहे.

१६ मे, शनिवार

आज पाहुणे चौदा. म्हणजे एका बाजूला सात. पण मी चालत होतो, चालतच होतो, रांग संपेना. पाहुण्यांच्या मध्ये-मध्ये दुसरी माणसं उभी होती. गालफडं बसलेली, पायांना चिंध्या. ओल्या लोकरीचा वास. त्यांच्या हातात लव्हाळं नव्हतं.

शर्ट पाठीला चिकटून बसला, पाणी लावून सोडवावा लागला. मार्लीनबाईंना पाठ दाखवली. त्या म्हणाल्या, कसलीशी ॲलर्जी असेल, मलम लावा, शनिवारपर्यंत बरं होईल.

शनिवारपर्यंत बरं होईल, हे त्यांनी दोनदा म्हटलं.

२३ मे, शनिवार

गेलोच नाही. ताप आहे म्हणून कळवलं, त्यांनी कार्यक्रम रद्द केला. पार्कपासून चाळीस मैलांवर, घराजवळच्या दुकानात अंडी घेत होतो. अकरा वाजले. पहिल्याच फटक्याला गुडघ्यांवर आलो. लोक धावले. त्यांना वाटलं झटका आला. एका बाईने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या खांद्यावरून ते मारत होते.

मोजले. पंचवीस.

२६ मे, मंगळवार

डॉक्टर म्हणाल्या, मूत्रपिंडाला मार बसलाय, आणखी बसला तर ते निकामी होईल. कोण मारतंय, पोलिसांना सांगू का, असं विचारत राहिल्या.

रेनविकला फोन केला. तो एकेक सांगत गेला. कोट जो घालून रांगेत शिरेल, त्याचे फटके. दुसऱ्याने घातला की पहिला सुटतो. त्याच्या आधी एक बाई होती. एकटी राहायची, तिला दुसरं कुणी मिळालं नाही. गेल्या जूनमध्ये वारली.

मी विचारलं, माझंच नाव का.

“तू लगेच हो म्हणालास,” तो म्हणाला. “बाकी कुणी म्हणालं नाही.”

मग नातवंडाला शाळेतून आणायचंय म्हणून त्याने फोन ठेवला.

३० मे, शनिवार

अंथरुणातच. अकराला. उशी तोंडात कोंबून—

लघवीत रक्त. त्यांच्यातला एक रडत होता. रडत मारत होता.

५ जून, शुक्रवार

कोरिन आली. माझी लेक. डॉक्टरांनी कळवलं असावं. मुलींना हॉकी शिकवते, पाठीवर ही एवढी मोठी बॅग टाकून आली. जखमा धुतल्या. सूप भरवलं.

तिला सांगितलं, उद्या मला जावंच लागेल, पेल लागतोच. खरं ते नाही सांगितलं. ती म्हणाली, वेडे आहात का.

मग म्हणाली, “बाबा, मी करते ना उद्या. कोट घालायचा आणि चालायचं, एवढंच ना?”

मी नको म्हणालो. एकदाच. हळू.

६ जून, शनिवार

पावणेअकरा. मैदानाकडेच्या बाकावर बसलोय. मार्लीनबाई तिला पाहून खूश झाल्या. कोटाचं वरचं बटण घट्ट होतं. मी लावून दिलं. तिने माझ्या गालाचं चुंबन घेतलं.

पाठीची आग थांबली. एकदम. इतकं बरं वाटतंय की— लाज वाटायला हवी.

डेलने मलाही काडी आणून दिली. रांगेत या म्हणाला. हातात जड लागतेय. लव्हाळं नाहीये हे.

चिंध्यांच्या पायांची माणसं सरकून माझ्यासाठी जागा करताहेत.

ढोल वाजला. कोरिन टोकाला उभी आहे, मला शोधतेय. सापडलो. हसली. अजूनही हाक मारली तर ती थांबेल. एक हाक. मी—